रिसर्चगेट : नव्या संशोधकाने वेळ कुठे घालावा, कुठे नाही

पीएच.डी. पदरात पडते, दोन-तीन पेपर छापून येतात आणि गाईड सांगतात, "आता रिसर्चगेटवर प्रोफाइल काढ." रिसर्चगेट म्हणजे संशोधकांचं सोशल नेटवर्क, आपले पेपर तिथे मांडता येतात. प्रोफाइल दहा मिनिटांत तयार होतं. त्यानंतर बहुतेक जण तिथे रोज जाऊन रीड्सचे (पेपर किती वेळा वाचला गेला याचे) आकडे बघतात आणि फॉलोअर्स वाढले की ओळखी वाढल्या असं धरून चालतात. या सेवेला आम्ही पाचपैकी तीन गुण देतो, आणि त्यातले दोन एकाच सोयीचे आहेत. ती सोय म्हणजे पेपरची मागणी करण्याचं बटण.

आधी कंपनीविषयी थोडं. रिसर्चगेट २००८ साली सुरू झालं. दोन डॉक्टर आणि एक संगणकतज्ज्ञ असे तिघे संस्थापक, मुख्यालय बर्लिनला. सदस्यत्व फुकट आहे. उत्पन्न येतं ते नोकरीच्या जाहिरातींतून, प्रयोगशाळेला लागणाऱ्या वस्तूंच्या जाहिरातींतून आणि प्रकाशकांशी केलेल्या करारांतून. तुम्ही वारंवार परत यावं यात कंपनीचा फायदा आहे, म्हणूनच "तुमच्या पेपरला इतके रीड्स झाले" असले ईमेल येत राहतात. खातं उघडल्यावर पहिलं काम म्हणजे सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशनच्या पानावर जाऊन फक्त दोन ईमेल चालू ठेवणं : फुल-टेक्स्टची (पूर्ण पेपरची) मागणी आणि थेट आलेला मेसेज. बाकी सगळे बंद. एवढं केलं नाही तर आठवड्याभरात तुम्ही त्यांचे सगळेच ईमेल न वाचता पुसायला लागता, आणि मागणीचा ईमेलही त्यांच्याबरोबर जातो.

तो गेला तर नुकसान आहे, कारण या साइटवर अनोळखी माणूस आपणहून तुमच्या कामाकडे येतो तो याच वाटेने. फॉलो करायला एक क्लिक पुरते. 'रिकमेंड' तर पुष्कळदा परतफेडीच्या आशेने केलेलं असतं. पेपर मागणाऱ्याला मात्र तो वाचायचा असतो, निदान तसा त्याचा इरादा तरी असतो. मागणी आली की बहुतेक लेखक फाइल जोडतात, 'सेंड' दाबतात आणि विसरतात. तिथेच संधी जाते.

मागणी आली की आधी त्या व्यक्तीचं प्रोफाइल उघडा : संस्था कोणती, गेल्या दोन वर्षांत काय छापलं, विद्यार्थी आहे की स्वतःची लॅब आहे. मग फाइलसोबत तीन-चार ओळी लिहा. त्यात पेपरमधली एखादी अशी गोष्ट सांगा जी छापील मजकुरात नीट आलेली नाही : कच्चा डेटा कुठे ठेवला आहे, कोणत्या तापमानाला नमुने खराब झाले, प्रश्नावलीतला कोणता प्रश्न लोकांना कळला नाही. शेवटी एकच प्रश्न विचारा, तुम्ही हे कशासाठी वापरणार आहात? उत्तर आलं तर नाव, विषय आणि तारीख एका साध्या एक्सेल शीटमध्ये टाका. उत्तरं थोडी येतात, पण जी येतात ती तुमच्याच प्रश्नावर काम करणाऱ्यांची असतात. पुढे तुमचा नवा पेपर आला की पाठवायचा तो या यादीला. सगळ्या फॉलोअर्सना नाही.

इथे एक पेच आहे. पीडीएफ सगळ्यांसाठी खुली टाकली तर मागणी येतच नाही. लोक उतरवून घेतात आणि ते कोण होते हे तुम्हाला कळत नाही. उलट खुली फाइल गूगल स्कॉलरलाही सापडते आणि वाचक वाढतात. आमचा सल्ला असा : पेपर सीसी-बाय (श्रेय देऊन कोणीही वापरावा असा खुला) परवान्याखाली निघाला असेल तर बिनधास्त खुला टाका. जर्नलने पैशाच्या कुंपणाआड ठेवला असेल तर फाइल रिसर्चगेटवर 'प्रायव्हेट' म्हणून ठेवा आणि मागणी येईल तशी एकेकाला पाठवा. कायद्याच्या दृष्टीनेही ही वाट कमी धोक्याची आहे.

कायद्याचा भाग हलक्यात घेऊ नका. अमेरिकन केमिकल सोसायटी आणि एल्सेव्हियर या प्रकाशकांनी रिसर्चगेटवर २०१७ मध्ये जर्मनीत आणि २०१८ मध्ये अमेरिकेत दावे लावले. २०२३ मध्ये तडजोड झाली आणि या दोघांच्या जर्नल्समधले पेपर अपलोड होतानाच तपासायची यंत्रणा बसली. त्यामुळे फाइल अडली तर तांत्रिक बिघाड समजून पुन्हा पुन्हा चढवू नका. एका पेपरच्या तीन आवृत्त्या असतात : जर्नलकडे धाडण्याआधीची (प्रीप्रिंट), परीक्षणानंतर स्वीकारलेली पण जर्नलच्या मांडणीत न बसवलेली, आणि छापील. छापील पीडीएफ खुली टाकायला बहुतेक वर्गणीवाली जर्नल्स परवानगी देत नाहीत. मधली आवृत्ती कुठे आणि किती महिन्यांनी ठेवता येईल हे जर्नलच्या 'सेल्फ-आर्कायव्हिंग' धोरणात लिहिलेलं असतं. तेच धोरण संस्थेच्या रिपॉझिटरीला (पेपरांच्या संग्रहाला) 'हो' आणि रिसर्चगेटसारख्या व्यावसायिक साइटला 'नाही' म्हणू शकतं, आणि गोंधळ नेमका इथेच होतो. पेपर स्वीकारला गेला त्याच दिवशी वर्ड किंवा लाटेकमधली शेवटची फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून द्या. वर्षभराने ती कोणालाच सापडत नाही.

आता उलट बाजू : तुम्हाला एखाद्या मोठ्या संशोधकाशी बोलायचं आहे. रिसर्चगेटचा मेसेज त्यासाठी कच्चा आहे. ज्येष्ठ मंडळी तिथे क्वचित डोकावतात, त्यांचं प्रोफाइल पुष्कळदा एखाद्या विद्यार्थ्याने काढलेलं असतं. पेपरवर करस्पॉन्डिंग ऑथरचा ईमेल छापलेला असतो, तो वापरा. संस्थेच्या ईमेलवरून लिहा. विषयाच्या ओळीत तुमची मागणी नको, त्यांच्या पेपरमधली गोष्ट असावी. मजकूर इंग्रजीत दीडशे शब्दांच्या आत : पहिल्या वाक्यात तुम्ही कोण, दुसऱ्यात त्यांच्या कोणत्या पेपरमधली कोणती आकृती किंवा तक्ता, मग एकच प्रश्न, ज्याचं उत्तर पाच मिनिटांत देता येईल. सीव्ही जोडू नका, विचारला तर द्या. 'रिस्पेक्टेड सर' ही आपल्याकडची सवय परदेशी ईमेलमध्ये नडते. समोर बाई असतात आणि ईमेल तिथेच संपतो. 'प्रोफेसर' आणि पुढे आडनाव, एवढं पुरतं. आपल्याकडच्या प्राध्यापकांना लिहिताना मात्र 'सर' किंवा 'मॅडम' बरोबरच आहे, तिथे नुसतं आडनाव उद्धट वाटेल. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच ईमेलखाली दोन ओळींची आठवण करा, तीही एकदाच.

हे सगळं करण्याआधी तुमचं नाव ताळ्यावर हवं, आणि मराठी नावांचा इथे खास घोळ आहे. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं. तोच क्रम पेपरला दिला की डेटाबेस शेवटचा शब्द आडनाव समजतो आणि वडील लेखक होतात. 'वाघ' कुठे डब्ल्यूने, कुठे व्हीने, 'चव्हाण' तर तीन-चार तऱ्हांनी. लग्नानंतर आडनाव बदललं तर आधीचे पेपर दुसऱ्याच बाईचे ठरतात. आणि 'एस. आर. पाटील' किती असतील याची कल्पनाच करा. रिसर्चगेट "हा पेपर तुमचा का?" असं विचारतं तेव्हा सवयीने 'हो' दाबलं की दुसऱ्याचं काम तुमच्या नावावर चढतं. मुलाखतीत कोणी त्यावर प्रश्न विचारला तर पंचाईत.

यावर उपाय रिसर्चगेटमध्ये नाही, ऑर्किडमध्ये आहे. ऑर्किड ही प्रत्येक संशोधकाला स्वतंत्र ओळख-क्रमांक देणारी ना-नफा संस्थेची सेवा, २०१२ पासूनची. सोळा अंकी क्रमांक मिळतो, चार-चारच्या गटांत लिहिलेला. शेवटच्या जागी कधी एक्स असतो, ती टायपिंगची चूक नव्हे, तपासणीचा अंक आहे. 'ऑल्सो नोन अ‍ॅज' या रकान्यात नावाची सगळी रूपं टाका : आधीचं आडनाव, आद्याक्षरांचं रूप, वेगळं स्पेलिंग. संस्थेच्या ईमेलसोबत स्वतःचा खासगी ईमेलही जोडा. नोकरी बदलल्यावर जुना ईमेल बंद होतो आणि पासवर्ड परत मिळवायची वाटही बंद होते, मग माणसं दुसरा क्रमांक काढतात आणि घोळ दुप्पट होतो. क्रॉसरेफ या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला एकदा परवानगी दिली की ऑर्किड क्रमांक देऊन छापलेले पुढचे पेपर आपोआप येऊन बसतात, पण त्यासाठी पेपर सादर करतानाच क्रमांक भरलेला असावा लागतो. स्कोपस या पेपरांच्या डेटाबेसमध्ये तुमचे पेपर दोन लेखक-क्रमांकांत विभागले गेले असतील तर त्यांच्या दुरुस्ती-विझार्डमधून विनंती करून ते फुकटात एकत्र करता येतात.

गूगल स्कॉलरचं प्रोफाइल तर हवंच, कारण तुमचं नाव ऐकल्यावर कोणीही आधी तेच शोधतं. संस्थेचा ईमेल पडताळल्याशिवाय ते शोधात दिसत नाही. आपल्या कितीतरी संलग्न महाविद्यालयांत अजून जीमेलवरच कारभार चालतो, तिथल्या प्राध्यापकांनी प्राचार्यांच्या मागे लागून महाविद्यालयाच्या डोमेनचा पत्ता मिळवावा. नवे पेपर आपोआप जोडण्याऐवजी 'आधी ईमेलने विचारा' हा पर्याय निवडा. पाटील, जोशी, कुलकर्णी यांच्यासाठी तर हे सक्तीचंच समजा.

आकड्यांबद्दल थोडक्यात. रिसर्चगेटचा जुना आरजी स्कोअर कसा काढतात हे नीट उघड नव्हतं. २०२२ मध्ये कंपनीने तो स्वतःच काढून टाकला, तरी अजून काही सीव्हींमध्ये तो दिसतो. पुसून टाका. सध्याचा रिसर्च इंटरेस्ट स्कोअर निदान उघडा आहे : सायटेशनला (दुसऱ्या पेपरने दिलेल्या संदर्भाला) ०.५, रिकमेंडेशनला ०.२५, फुल-टेक्स्ट वाचल्यास ०.१५, नुसतं पान उघडल्यास ०.०५. म्हणजे पेपरचं पान दहा जणांनी उघडलं की एका सायटेशनइतकं वजन. निवड समितीसमोर हा आकडा सांगू नका.

प्रश्नोत्तरांचा विभाग आता दमला आहे. एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधली एखादी अडचण किंवा वेस्टर्न ब्लॉट या प्रथिनांच्या चाचणीत पट्टे फिकट का येतात, यावरची जुनी उत्तरं खरंच कामाची आहेत, गूगलवरून थेट तिथे जा. नवे प्रश्न मात्र "लवकर छापणारं स्कोपस जर्नल सुचवा" अशा जातीचे जास्त. तुमची माहिती उघडी असली की संपादक मंडळावर येण्याची किंवा विशेषांकात लिहिण्याची गोड आमंत्रणं येतात, पुष्कळदा बनावट जर्नल्सची. यूजीसीने २०२५ मध्ये केअर ही मान्य जर्नल्सची यादी बंद केल्यावर जर्नल पारखायची जबाबदारी विद्यापीठांवर आणि तुमच्यावर आली आहे. त्यामुळे आमंत्रण आलं की संपादकांची नावं त्यांच्या स्वतःच्या संस्थेच्या पानावर सापडतात का आणि शुल्क किती ते आधीच लिहिलं आहे का, एवढं तरी बघाच.

बाकीच्या सेवा पटकन. अ‍ॅकॅडेमिया डॉट ईडीयूवर मानव्यशाखांचे लोक आहेत, पण तुमचा उल्लेख कोणी केला हे बघायलाही पैसे मागतात. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचा 'विद्वान' डेटाबेस दिसायला रुक्ष आहे, तरी भारतात तज्ज्ञ शोधण्यासाठी तो वापरतात, म्हणून एकदा नीट भरून टाका. उद्योगक्षेत्रात जायचं असेल तर लिंक्डइनला पर्याय नाही.

आणि हे सगळं जुळवलं तरी प्रत्यक्ष भेटीची जागा यातली एकही सेवा घेत नाही. खगोलशास्त्रात काम करणाऱ्या महाविद्यालयीन प्राध्यापकांसाठी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची व्हिजिटिंग असोसिएटशिप तीन वर्षांची असते आणि तेवढ्या काळात तिथे जाऊन राहता, काम करता येतं. जीवशास्त्रातल्या नव्यांसाठी इंडियाबायोसायन्सची यंग इन्व्हेस्टिगेटर्स मीटिंग २००९ पासून भरते. रिसर्चगेटचा खरा उपयोग अशा ठिकाणी जाण्याआधी होतो. वक्त्यांची यादी आली की त्यातली पाच नावं निवडा, प्रत्येकाचा अलीकडचा एक पेपर वाचा, आठवडाभर आधी ईमेल टाका की चहाच्या सुट्टीत दहा मिनिटं भेटता येईल का. परत आल्यावर दोन दिवसांच्या आत, जे पाठवतो म्हणालात ते पाठवा.

संस्था सोडताना रिसर्चगेटचा मुख्य ईमेल आधी बदला, मग राजीनामा द्या. खातं बंद करायचं ठरवलंत तर खासगी ठेवलेल्या फाइल आणि मेसेजमधले पत्ते आधी उतरवून घ्या. सहलेखकांनी स्वतः चढवलेल्या प्रती मात्र तुमचं खातं गेलं म्हणून जात नाहीत, त्या काढायला त्यांनाच सांगावं लागतं.