अर्ध्या दिवसाची नर्सरी: नऊ महिने वापरल्यानंतर

वेळ सकाळी 9 ते 12:30, शनिवारी 11 पर्यंत. वर्गात 24 मुलं, एक टीचर, एक मावशी. बेळगाव शहरातल्या अशा एका नर्सरीचा जून ते फेब्रुवारी असा हा अनुभव आहे. मुलं बहुतेक मराठी घरांतली, टीचर मराठी, कन्नड आणि इंग्रजी मिसळून बोलणाऱ्या, मावशींची भाषा कन्नड. पुढच्या जूनसाठी शोधाशोध चालू असेल त्यांना हे उपयोगी पडावं.

आधी साडेतीन तासांचा हिशेब. पहिली 25 मिनिटं मुलं येण्यात, चपला काढण्यात आणि जागेवर बसण्यात जातात. मग प्रार्थना, बडबडगीतं. 9:50 ला एक कृती: मणी ओवणे, चिकटकाम, रंग, ती 20-25 मिनिटं. 10:15 ला बाथरूम आणि हात धुणं. दोन नळ, 24 मुलं, प्रत्येकाला किमान 40 सेकंद धरले तरी नुसत्या हातांना 8 मिनिटं लागतात. बाथरूम धरून अर्धा तास सहज जातो. मग डबा, मग मैदान किंवा वाळू, शेवटी गोष्ट, आणि 12:10 पासून दप्तरं-बूट. माहितीपत्रकात ज्याला शिक्षण म्हटलंय ते तासाभराचंच असतं. पण साडेतीन वर्षांच्या मुलाचं खरं शिक्षण उरलेल्या अडीच तासांत होतं: आपला नंबर येईपर्यंत थांबणं, चड्डी वर करणं, डबा उघडणं, सांडलेलं पुसणं. म्हणून शाळा पाहायला गेल्यावर काय शिकवता हे नंतर विचारा, बाथरूमला मुलांसोबत कोण जातं हे आधी विचारा. वर्गात एकच मोठं माणूस असेल तर तेवढ्या वेळात वर्ग मोकळा पडतो. इथे मावशी रजेवर असल्या की हीच अडचण यायची, आणि बदली माणूस मिळावं म्हणून पालकांना शाळेशी तीनदा बोलावं लागलं.

युनिफॉर्मच्या पँटला हूक आणि चेन होती. या वयाच्या मुलाला हूक काढता येत नाही, मावशी दुसऱ्याकडे असतात, आणि तेवढ्यात कपडे ओले होतात. पालकांना वाटतं की मूल शाळेत जाऊन बिघडलं. बिघडलेली असते ती पँट. शिंप्याकडून हूक काढून कमरेला इलास्टिक घालून घ्या. दप्तरात प्लास्टिकच्या पिशवीत एक पूर्ण जोड आणि दोन जादा चड्ड्या ठेवा, सगळ्यांवर नाव घाला. शाळेत भारतीय पद्धतीचं शौचालय असेल आणि घरी कमोड असेल, तर उकिडवं बसायची सवय मे महिन्यातच लावा.

वयाच्या बाबतीत सीमाभागात मोठा गोंधळ होतो. कर्नाटकात पहिलीसाठी 1 जूनला 6 वर्षं पूर्ण हवीत, महाराष्ट्रात 31 डिसेंबरपर्यंत पूर्ण झाली तरी चालतात. महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजच्या नातेवाइकांचं ऐकून इकडे लवकर घातलेलं मूल यूकेजीनंतर अडकतं. मागे मोजत या. जुलै 2022 चा जन्म असेल तर 1 जून 2028 ला 6 पूर्ण होत नाहीत, म्हणजे पहिली जून 2029, यूकेजी 2028, एलकेजी 2027 आणि नर्सरी जून 2026. तेच मूल जून 2025 ला घातलं तर एक इयत्ता दोनदा करावी लागते, फी दोनदा जाते, आणि सोबतची मुलं पुढे निघून गेल्याचं त्या मुलालाही कळतं. मे 2022 चा जन्म असेल तर जून 2025 बरोबर. ॲडमिशन देताना शाळा हे आपणहून सांगतीलच असं नाही.

पहिले दोन आठवडे पूर्ण वेळ ठेवू नका. पहिले तीन दिवस एक तास, नंतर दोन, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पूर्ण. फाटकावर निरोप छोटा आणि रोज एकसारखा हवा: एक पापा घ्यायचा, "डबा खाल्ला की गोष्ट, गोष्ट झाली की मी येते," म्हणायचं आणि पाठ फिरवायची. खिडकीतून डोकावलात तर थांबलेलं रडू पुन्हा सुरू होतं. न सांगता पळून गेलात तर मूल दुसऱ्या दिवशी तुमचा हात सोडत नाही. बहुतेक मुलं 10-15 मिनिटांत शांत होतात. अर्ध्या तासाने टीचरनी फोन करावा एवढं आधीच ठरवून घ्या. दोन-तीन आठवड्यांनंतरही मूल तिथे खात नसेल, पीत नसेल, तर मात्र सवय होईल म्हणून सोडून देऊ नका.

गणपतीनंतर आणि दसऱ्याच्या सुट्टीनंतर रडू परत येतं, हे धरून चाला. कर्नाटकात मोठी सुट्टी दसऱ्याला असते, दिवाळीला मोजकेच दिवस. कोल्हापूरकडच्या भावंडांची सुट्टी दिवाळीत, त्यामुळे दिवाळीत मामाकडे आठ दिवस राहायचा बेत केला तर शाळा बुडते. उन्हाळ्यातही इकडची शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुटते आणि मेअखेरीला भरते, तिकडची जूनच्या मध्याला. आजी-आजोबा सीमेपलीकडे असतील तर वर्षाचं वेळापत्रक आधी मागून घ्या.

भाषेची भीती मात्र अनाठायी ठरली. मावशी "बा, कुंद्रु" म्हणाल्या की बस म्हणतायत हे पहिल्याच आठवड्यात मुलांना कळलं. पहिले दोन-तीन महिने काही मुलं शाळेत अजिबात बोलत नाहीत. ती ऐकत असतात. नंतर घरी "नीरु बेकु" (पाणी हवं) ऐकू येतं. रागावू नका, मराठी कुठे जात नाही. घरातल्यांनी मराठीत गोष्टी सांगत राहावं, बस. शाळेत घालण्याआधी पाणी, बाथरूम, दुखतंय आणि नको एवढ्या चार गोष्टी मुलाला कन्नडमध्येही सांगता आल्या तर मावशींची आणि मुलाची दोघांची सोय होते.

आता तक्रारीची गोष्ट. ऑगस्टपासून वहीत ए-बी-सी गिरवायला रोज दोन पानं यायला लागली, नंतर त्यात कन्नड अक्षरांची भर पडली. या वयात मनगटाची हाडं पूर्ण तयार झालेली नसतात आणि पेन्सिल मुठीत धरली जाते. मूठ धरून गिरवलं की खांद्यापासून जोर लागतो, हात दुखतो, मूल वहीपासून पळतं, आणि तीच चुकीची पकड पुढे घट्ट होते. पाच-सहा पालकांनी मिळून बोलल्यावर पानं आठवड्याला दोनवर आली. दरम्यान घरी हे करा: खडू आणि रंगाच्या कांड्या मोडून 3 सेंटिमीटरचे तुकडे द्या. एवढ्याशा तुकड्यावर मूठ बसतच नाही, अंगठा आणि दोन बोटं आपोआप पुढे येतात. कणकेचा गोळा, मटार सोलणं, शेंगा फोडणं, कपड्यांचे चिमटे लावणं, हे सगळं लिहिण्याचंच काम आहे.

शेंगा फोडू द्या, पण अख्खे शेंगदाणे डब्यात देऊ नका. आपल्याकडे घरोघरी शेंगदाणे. चटणी किंवा कूट चालेल, अख्खा दाणा हसता-बोलता श्वासनलिकेत अडकतो. अख्खी द्राक्षं आणि पॉपकॉर्नही नकोत. द्राक्षं उभी चिरून द्या. 25 मिनिटांत मूल अर्धी चपाती, नाहीतर एक इडली किंवा चार चमचे उप्पीट खातं. त्याहून जास्त भरलं की परत येतं आणि घरी भांडण होतं. डब्याचं झाकण मुलाला एकट्याने उघडता येतं का, हे घरी चार वेळा बघा. बाटली स्ट्रॉची असेल तर नळी रोज ब्रशने धुवा, आत काळी बुरशी धरते. साधी स्टीलची 350 मिलिलिटरची बाटली बरी.

जुलै-ऑगस्टच्या झडीत मैदान जवळजवळ बंदच असतं, खानापूर भागात तर जास्तच. तेव्हा मुलांना पळायला आत कुठे जागा आहे ते बघा. नसेल तर दुपारी 12:30 ला घरी येणारं मूल थकलेलं नसतं, चिडलेलं असतं. ओला रेनकोट दप्तरात कोंबला जातो आणि वही भिजते, त्यासाठी खुंटी मागून घ्या. याच दिवसांत आजारपण येतं. पहिल्या वर्षी सात-आठ सर्दी-खोकले होणं नेहमीचं आहे. हातापायांवर आणि तोंडात फोड येणाऱ्या हँड-फूट-माउथची साथ ऑगस्टमध्ये आली आणि अर्धा वर्ग घरी बसला. औषध न देता ताप 24 तास आलेला नसेल आणि फोड सुकले असतील तरच पाठवा. बुडालेल्या दिवसांची फी परत मिळत नाही.

दुपारचा विचार ॲडमिशनच्या आधी करा. नोकरी 6 पर्यंत आणि शाळा 12:30 ला सुटते. मधले साडेपाच तास कोणाकडे? वर्दीची, म्हणजे मुलांची रोज ने-आण करणारी रिक्षा लावणार असाल तर मूल चालकाशेजारी बसणार नाही हे ठरवून घ्या, आणि शाळा कार्ड बघूनच मूल हातात देते का तेही तपासा. जेवून एक वाजता झोपलेलं मूल अडीच-तीनला उठवा. चार वाजून गेले की रात्री अकरापर्यंत जागतं आणि सकाळचं रडू वाढतं. या वयात दिवसरात्र मिळून 10 ते 13 तास झोप लागते.

गल्लीत अंगणवाडी असेल तर तिकडेही एकदा जाऊन या. फी नाही, आहार मिळतो, कर्नाटक सरकारच्या क्षीरभाग्य योजनेतलं दूध मिळतं, वजनाची नोंद होते. सेविका चांगली असेल तर तीन वर्षांच्या मुलाला तेवढं पुरतं. पैसे भरूनच घालायचं ठरवलं असेल, तर शाळा पाहायला सकाळी 10:15 ची वेळ मागा आणि नळांजवळ उभे राहा. तेव्हा येऊ नका म्हणाले, तर दुसरी शाळा बघा.