पत्रा, कापड, फायबर की लाकूड: विदर्भातल्या शेडमध्ये कोणतं विमान बांधावं?

घरी विमान बांधायचं मनात आलं की माणूस आधी वेग बघतो, सीट बघतो, फोटो बघतो. माझा सल्ला वेगळा आहे. आधी शेडमधला कोबा बघा.

आमचं शेड वर्धा जिल्ह्यात, आर्वीच्या अलीकडे, काळ्या मातीवर आहे. मे महिन्यात वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैत तीच माती फुगून वर येते. शेडचा एक कोपरा दरवर्षी थोडा उचलतो, म्हणून पावसाळ्यात दार घासतं. सोयाबीनची पोती ठेवायला याने काही बिघडत नाही. पंख बांधताना मात्र बिघडतं. डाव्या आणि उजव्या पंखाच्या पिळात एखाद्या अंशाचा फरक राहिला, तर विमान कायम एका बाजूला कलतं आणि पायलटला स्टिक धरून बसावं लागतं.

दोन वर्षांपूर्वी मी आणि माझ्या भाच्याने सरावासाठी झेनिथ कंपनीचं रडरचं, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूचं, छोटं किट जोडलं. तेव्हापासून आजूबाजूच्या तालुक्यांतली पोरं विचारायला येतात, "काका, कोणतं घेऊ?" त्यांना तोंडी सांगतो तेच इथे सविस्तर मांडतो.

पत्र्याचं विमान

यात दोन घराणी आहेत. ख्रिस हाइन्झ यांनी आखलेली झेनिथची सीएच ७०१ आणि सीएच ७५० ही विमानं ६०६१-टी६ या अॅल्युमिनियमची असतात आणि ओढून बसवायच्या, म्हणजे पॉप रिबीटसारख्या रिबीटांनी जोडली जातात. व्हॅन्स एअरक्राफ्टचं दोन सीटचं आरव्ही-१२ हेही बहुतांश ओढायच्या रिबीटांचंच. व्हॅन्सचीच आरव्ही-७ किंवा आरव्ही-९ घेतली तर पत्रा २०२४-टी३ या अॅल्युमिनियमचा आणि रिबीट भरीव. भरीव रिबीटला एकाने बाहेरून हवेची गन धरायची, दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा. चेपलेलं डोकं रिबीटच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच व्हायला हवं. नवराबायको किंवा दोघे भाऊ रोज संध्याकाळी सोबत बसणार असतील, तर हे काम फार सुंदर होतं. पण त्यासाठी कंप्रेसर हवा, कंप्रेसरला वीज हवी, आणि आपल्याकडे वीज कधी येते-जाते ते सांगायला नको. ओढायची रिबीट लाइट गेली तरी हाताच्या गनने, एकट्याला बसवता येते. हा फरक कागदावर लहान दिसतो. वर्षभर काम चालतं की अडकून पडतं, ते मात्र यावरच ठरतं.

पत्र्याची दुसरी जमेची बाजू म्हणजे आपल्याकडे हात आहेत. तालुक्याच्या प्रत्येक गावी कूलर बनवणारा पत्रेवाला आहे, आयटीआय झालेला फिटर आहे. त्यांना पत्रा कळतो. फक्त तीन सवयी मोडाव्या लागतात. कूलरचा पत्रा काटकोनात कडक मोडतात. ६०६१-टी६ तसा मोडला तर घडीवर तडा जातो, म्हणून त्याला पत्र्याच्या जाडीच्या साधारण तिप्पट त्रिज्येची गोलाई द्यावी लागते. दुसरं, खुणा पेन्सिलीने करायच्या नाहीत. ग्राफाइट अॅल्युमिनियमला गंजवतं, म्हणून मार्कर वापरायचा. तिसरं, हार्डवेअरच्या दुकानातली रिबीट दिसायला तशीच असली तरी तिच्या ताकदीची कुणी हमी देत नाही. किटसोबत आलेलीच वापरायची, कमी पडली तर थांबायचं.

उन्हाचा हिशेबही मांडून घ्या. चार मीटर लांबीचा अॅल्युमिनियमचा पत्रा तीस अंश तापला की पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढतो. सकाळी सावलीत ठेवलेला पत्रा आणि दुपारी दारातून आणलेला तापलेला स्पार, म्हणजे आतला मुख्य कणा, एकत्र ड्रिल केला, तर संध्याकाळी पत्र्यावर सुरकुती येते. आमच्या रडरवर ती आली होती. रिबीट काढल्या, पत्रा बदलला. तेव्हापासून एप्रिल-मेमध्ये पहाटे साडेपाच ते नऊ एवढंच ड्रिलिंग, आणि सगळे भाग रात्रभर एकाच छताखाली.

कोब्याच्या अडचणीवरही पत्राच उत्तर देतो. आजची बरीच पत्र्याची किटं कारखान्यातूनच अचूक भोकं पाडून येतात. भोकाला भोक जुळलं की आकार आपोआप जमतो, मोठा जिग, म्हणजे भाग धरून ठेवणारा साचा, लागत नाही. तरीही पंखाचं शेवटचं आवरण बंद करण्याआधी टेबलाच्या पायांचे बोल्ट फिरवून, पाणपातळीच्या नळीने आणि ओळंब्याने पीळ तपासायचाच. मागच्या हंगामात टेबल समतल होतं, यावर विश्वास ठेवायचा नाही.

एक सावधगिरी पैशांची. डिसेंबर २०२३मध्ये व्हॅन्स एअरक्राफ्टला कर्जफेडीच्या पुनर्रचनेसाठी न्यायालयाचं संरक्षण घ्यावं लागलं आणि आधी नोंदवलेल्या किटांच्या किमती वाढल्या. कंपनी त्यातून बाहेर आली. पण आपण शेती विकून एकदम सगळं किट मागवू नये. आधी शेपटी, मग पंख, मग धड असं टप्प्याटप्प्याने घ्यावं. इंजिन, प्रोपेलर आणि उपकरणं किटच्या किमतीत बहुधा नसतात, तेही लक्षात ठेवा.

पाइप आणि कापड

पत्र्याला खरी टक्कर हेच देतं. १९८४च्या किटफॉक्स विमानापासून चालत आलेली ही घडण आहे. क्रोममॉली स्टीलच्या पाइपांचा सांगाडा कारखान्यातून वेल्ड होऊन येतो, आपण पंख जोडायचे आणि पॉलिस्टरचं कापड चढवायचं. पंख मागे दुमडतात. धावपट्टीजवळ हँगर न मिळणाऱ्या माणसासाठी ही मोठी सोय आहे, कारण विमान घरी शेडमध्ये ठेवून ट्रेलरवर नेता येतं. चंद्रपूरजवळचं मोरवा, यवतमाळ, अकोल्याचं शिवणी, अमरावतीचं बेलोरा, गोंदियाचं बिरसी: आपल्या गावापासून यातलं कोणतं जवळ आहे आणि तिथे जागा व परवानगी मिळेल का, हे किट मागवण्याआधी स्वतः जाऊन विचारा. देशातलंच काही हवं असेल तर बंगळुरूच्या राज हंस अल्ट्रालाइट्सचं एक्स-एअर याच कुळातलं, अॅल्युमिनियमचे पाइप बोल्टने जोडून वर शिवलेलं कापड. ते हळू चालतं, पण रचना समजायला सोपी आहे.

कापड चिकटवून इस्त्रीने ताणतात. इस्त्रीचं तापमान थर्मामीटरने जुळवून घ्यावं लागतं. जास्त ताणलं तर कापड हलके पाइप वाकवतं. मला स्वतःला हे काम फार आवडलं. ढोलकीसारखं वाजणारं कापड हाताखाली तयार होताना जे वाटतं, ते पत्र्यात नाही. पण या कापडाचे आपल्याकडे दोन शत्रू आहेत. एक ऊन. कापडावर द्यायचा चंदेरी रंगाचा थर नीट बसला नाही तर अतिनील किरण कापड कुजवतात, आणि विमान उघड्यावर उभं राहिलं तर आपलं ऊन वाट बघत नाही. दुसरा उंदीर. ज्या शेडमध्ये धान्य किंवा सरकी आहे, तिथे कापडाचा पंख ठेवू नका, एवढंच सांगतो.

आणि ट्रॉली बनवणारा वेल्डर कितीही ओळखीचा असला, तरी पातळ क्रोममॉलीला त्याच्या आर्क वेल्डिंगचा हात लावू देऊ नका. सांगाड्याला तडा दिसला तर तो टिग वेल्डिंगच्या जाणकाराकडेच न्यायचा.

फायबर

अमेरिकी विमानरचनाकार बर्ट रुटान यांचं लाँग-ईझेड हे विमान १९७९मध्ये उडालं. तेव्हापासून फोमवर काचेचं कापड आणि इपॉक्सी (दोन द्रव मिसळल्यावर घट्ट होणारं रसायन) चढवून घरच्या घरी विमान करणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली. रूप असं की नजर हटत नाही. वेग जास्त, पृष्ठभाग गुळगुळीत, रिबीट एकही नाही. मन तिकडेच ओढतं, माझंही ओढलं होतं.

पण इपॉक्सी तापमानावर चालते. ढोबळ हिशेब असा की दहा अंश वाढले की रसायन दुप्पट वेगाने घट्ट होतं. पंचवीस अंशांना चाळीस मिनिटं वापरता येणारं मिश्रण पंचेचाळीसला दहा मिनिटांवर येतं. एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये मे महिन्यात आम्ही नमुन्याचा तुकडा करायला बसलो होतो. थर अर्धाही झाला नव्हता, तोच कपातलं मिश्रण धूर सोडू लागलं. कप उचलून अंगणातल्या मातीत ठेवला.

यावर कूलर लावू असं पोरं म्हणतात. कूलर लावू नका. तो हवेत ओलावा सोडतो, आणि ओल्या हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येऊन पुढचा थर धरत नाही. एसीची बंद खोली लागते, तिला अखंड वीज लागते. नाहीतर नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच काळ उरतो, त्यातही डिसेंबरच्या रात्री पारा इतका उतरतो की थर सुकायला वेळ घेतो. शिवाय खोलीच्या तापमानाला घट्ट झालेली इपॉक्सी जास्त तापली की मऊ पडते. म्हणूनच ही विमानं पांढरी रंगवतात. आपल्या उन्हात उभ्या गडद रंगाच्या पंखाला हात लावून बघा, कारण कळेल.

माझ्या मनात शेवटी निर्णायक ठरली ती वेगळीच गोष्ट. पत्र्यातली चूक डोळ्याला दिसते. तिरकी रिबीट, ताणलेलं भोक, भोक पाडल्यावर उरलेली धार (बर) न काढलेली कड. फायबरच्या थरात अडकलेली हवा दिसत नाही, नाण्याने ठोकून आवाजावरून शोधावी लागते. जवळ जाणकार गुरू असेल तर ठीक. एकट्याने, गावात, पहिलंच विमान असेल तर मी याला नाही म्हणेन.

लाकूड

अल्लापल्लीचं सागवान जगात नाव कमावून आहे, मग त्याचंच विमान का करू नये, हा प्रश्न प्रेमाने विचारला जातो. सागवान विमानाला जड पडतं. विमानात लागणाऱ्या सिटका स्प्रूसचं वजन त्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतं. सागाच्या तेलकटपणामुळे सरसही नीट धरत नाही. त्यात वाळवी. सुतारकाम रक्तात असेल आणि स्प्रूस आणवण्याची तयारी असेल, तरच इकडे वळा.

इंजिन आणि पेट्रोल

विमान कोणतंही घेतलं तरी हा प्रश्न सुटत नाही. या आकारात रोटॅक्स ९१२ जास्त चालतं, ऐंशी किंवा शंभर अश्वशक्तीचं. ते पंपावरच्या पेट्रोलवर चालतं, पण इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंतच त्याला मान्य आहे, आणि आपल्या पंपांवर आता वीस टक्क्यांचं पेट्रोल आलं आहे. शंभर अश्वशक्तीच्या ९१२ यूएलएसला ऑक्टेनही ९५ लागतं. त्यामुळे इंधन कुठून आणणार, हे आधी ठरवा. फायबरच्या विमानात टाकीच इपॉक्सीची असेल, तर इथेनॉलचा धोका आणखी वाढतो.

आणि उन्हाळा. नागपूरची उंची सुमारे ३१० मीटर, पण पंचेचाळीस अंशांना हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण दीड हजार मीटरवर असल्यासारखं वाटतं. इंजिनाची ताकद पंधरा टक्क्यांच्या आसपास घटते, पंखालाही उचल कमी मिळते. दोघे बसून मे महिन्याच्या दुपारी उडायचं नाही, मग किट कितीही महागडं असो.

कागदपत्रं

मुंबईच्या कॅप्टन अमोल यादव यांनी चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं. २०१६च्या मेक इन इंडिया सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) नोंदणी २०१७मध्ये मिळाली आणि उडवण्याची परवानगी २०१९मध्ये. विमान तयार असूनही एवढी वर्षं लागली. म्हणून पहिलं भोक पाडण्याआधी डीजीसीएकडे लेखी विचारणा करा, आणि प्रत्येक भाग बंद करण्यापूर्वी आतले फोटो तारखेसह ठेवा. पत्र्यात आणि पाइपात आतलं काम फोटोत स्पष्ट दिसतं.

माझी निवड यावरून कळलीच असेल. एकट्याला, अनियमित विजेत, काळ्या मातीवरच्या शेडमध्ये करायचं असेल तर ओढायच्या रिबीटांचं पत्र्याचं विमान. विमान ट्रेलरवरून न्यावं लागणार असेल आणि शेडमध्ये धान्य नसेल, तर दुमडत्या पंखांचं कापडाचं. पण लगेच मोठं किट मागवू नका. दिवाळीनंतर रडरचं सरावाचं किट आणा, हिवाळ्यात सावकाश जोडा, भिंतीला टांगून ठेवा. मे महिन्यात तो रडर काढून पुन्हा टेबलावर ठेवा, पाणपातळीने पीळ मोजा, प्रत्येक रिबीट भिंगातून बघा. मग ठरवा.