मृगापासून मृगापर्यंत : आमच्या बागेत तेरा महिने चालल्यावर

मागच्या जूनमध्ये गुडघ्याच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलं आणि मी घराजवळच्या महापालिकेच्या बागेत जायला लागले. कोथरूड भागातली ही बाग दोनेक एकरांची असेल. नाव लिहीत नाही, कारण तिथे राबणाऱ्या दोन-तीन माणसांना माझ्या लिहिण्याचा त्रास व्हायला नको. तेरा महिन्यांत मोजून बारा-तेरा खाडे झाले. एवढं चालल्यावर एक नक्की सांगते, बाग एका भेटीत कळत नाही. डिसेंबरात कुणीही आलं तर पाच तारे देऊन जाईल. पण तीच बाग ऑगस्टमध्ये कशी असते, मेच्या दुपारी कशी तगते आणि कुणाच्या जिवावर तगते, हे बघितल्यावरच तिच्याबद्दल बोलावं.

सुरुवात पावसाळ्यापासून करते. चालायचा मार्ग अर्धा पेव्हर ब्लॉकचा आणि अर्धा मुरमाचा आहे. पहिल्या दिवशी मला ब्लॉकचा भाग आवडला होता, कारण तिथे चिखल नव्हता. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झाडांच्या सावलीतल्या ब्लॉकांवर शेवाळ धरलं आणि माझ्या पुढे चालणाऱ्या एक काकू डोळ्यांदेखत घसरल्या. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. आम्ही तक्रार केली, आठवड्याने दोन माणसं आली, फाटकाजवळचा पट्टा ब्लीचिंग पावडर टाकून घासला आणि गेली. आतला भाग माळीकाकांनी एकट्याने खराट्याने घासून काढला, तोही तीन सकाळी खर्चून. मुरमाचा भाग मात्र पावसाची सर थांबली की तासाभरात चालण्याजोगा व्हायचा, कारण पाणी तिथेच जिरतं. आता कुणी मला विचारलं तर मी छातीठोकपणे सांगेन की बागेत मुरूमच हवा. गुडघ्यांनाही तो मऊ लागतो.

पेव्हरचं दुसरं दुखणं झाडांना आहे. तीन-चार झाडांच्या बुंध्यापर्यंत ब्लॉक आणि सिमेंट नेऊन भिडवलंय. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या बाबतीत बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, तो निकाल तेव्हा बराच गाजला. आमच्या बागेत अजून बुंधे आवळलेलेच आहेत. पावसाचं पाणी त्यांच्या मुळांवरून वाहत जाऊन गटारात पडताना रोज दिसतं.

पावसाळ्यातली तिसरी गोष्ट म्हणजे कारंजं. ते बंद आहे, हौदात मात्र पाणी साचतं. डेंग्यूचा डास अंड्यातून बाहेर पडून उडायला लागेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे आठवड्यातून एकदा हौद रिकामा केला तरी पुरे. आमच्यातल्या दोघांनी गप्पी मासे आणून सोडले आणि त्या महिन्यात बाकांवर बसणाऱ्यांचे हात थोडे कमी फिरायला लागले. असल्या साध्या कामासाठी दोन निवृत्त माणसांना मासे शोधत हिंडावं लागलं, याचं मला खरंच वाईट वाटलं.

वृक्षारोपणाबद्दल लिहिताना हात जरा जड होतो. गेल्या जुलैत एका रविवारी चाळीस रोपं लागली. मीही दोन लावली. पाऊस धो धो होता, खड्डे पाण्याने भरलेले, माती म्हणजे नुसता राबडा. माळीकाका बाजूला उभे राहून म्हणत होते, "ताई, आज नका लावू. वाफसा येऊ द्या." मला तेव्हा वाफसा हा शब्द फक्त ऐकून माहीत होता. मग त्यांनी मूठभर माती उचलून दाखवली. दाबली की गोळा होते आणि बोटाने टोचलं की फुटते, तो वाफसा. त्यात पाणीही असतं आणि मुळांना श्वास घ्यायला हवाही असते. राबड्यात लावलेलं रोप पायाने दाबलं की मातीतली हवा सगळी निघून जाते आणि मूळ कुजतं. दिवाळीला मी फिरून मोजलं, चाळीसपैकी अकरा उभी होती. त्या अकरांपैकी नऊ काकांनी पुढच्या आठवड्यात उघडीप बघून पुन्हा उपटून नीट लावलेली, काठी बांधलेली, आळं केलेली होती. माझ्या दोनपैकी एक मेलं. ते करंजाचं होतं.

ऑक्टोबरमध्ये हत्तीचा पाऊस संपला की बागेत सातविणीचा वास भरतो. संध्याकाळी तो इतका दाट असतो की काहींचं डोकं धरतं. दम्याचा त्रास असलेल्या एक आजी त्या महिन्यात येतच नाहीत. मला तो आवडतो, आणि याच झाडाच्या लाकडाच्या पूर्वी शाळेतल्या पाट्या व्हायच्या हे कळल्यापासून जास्तच. त्याच सुमारास बुचाची पांढरी फुलं पहाटे वाटेवर सडा घालतात. तेव्हा बाग सहाला उघडते त्या ठोक्याला जावं. साडेसातपर्यंत फुलं पायाखाली गेलेली असतात.

हिवाळ्यात गर्दी. जागा मिळत नाही, बाकी सगळं छान.

आता पालापाचोळ्याबद्दल, कारण या तेरा महिन्यांत मला सर्वांत जास्त यानेच शिकवलं. जानेवारीपासून पानगळ सुरू होते आणि मार्चअखेरपर्यंत रोज ढीग निघतात. झाडणाऱ्या मावशींना ढीग उचलायला गाडी वेळेवर मिळायची नाही आणि मग कोपऱ्यात काडी लागायची. सकाळी सातला चालताना तो धूर थेट छातीत जायचा. हरित लवादाने २०१६ च्या डिसेंबरमध्ये देशभर उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली, साध्या जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५,००० रुपये दंड ठरवला. मी एकदा तावातावाने मावशींना ते सांगायला गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग न्या की ताई तुम्ही घरी." बोलणं तिथेच संपलं, पण रात्रभर ते माझ्या डोक्यात राहिलं. दिवसाला आठ-दहा पोती पाला ही एकटी बाई कुठे नेणार होती?

पुण्यात 'ब्राऊन लीफ' नावाचा एक चांगला उपक्रम आहे. ज्यांच्याकडे पाला जास्त आहे आणि ज्यांना बागेसाठी पाला हवा आहे त्यांची गाठ तिथे घालून दिली जाते. त्यांच्या कामाबद्दल वाचून आम्ही सहा जणांनी काकांच्या मदतीने मागच्या भिंतीपाशी जाळीचे दोन गोल पिंजरे उभे केले, कमरेएवढे उंच. तुडवून पाला भरायचा, वर शेणाचं पाणी शिंपडायचं, पुन्हा पाला. पहिल्या महिन्यात काहीच झालं नाही. पाला तसाच कोरडा, खडखडीत. मग काकांनी चूक सांगितली. नुसता सुका पाला कुजायला फार वेळ घेतो, त्याला ओल्या हिरव्याची जोड लागते. हिरवळ कापल्यावर निघणारं गवत तोवर आम्ही गाडीवर टाकून देत होतो! ते गवत थराथराने घातलं, दर दहा दिवसांनी ढीग उलटला, ओल राखली.

फेब्रुवारीतल्या एका गार सकाळी काकांनी ढिगात कुदळ घातली आणि आतून वाफ निघाली. डोळ्यांना दिसेल अशी, चहाच्या पातेल्यासारखी. मी हात आत घातला आणि चटकन काढला, इतकं गरम होतं. नीट जमलेल्या ढिगाच्या पोटात ५५ ते ६० अंशांपर्यंत उष्णता जाते, त्यात किडींची अंडी आणि तणाचं बी बरंचसं मरतं. मेअखेर खाली काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसातल्या मातीच्या वासाचं खत तयार होतं. कमरेएवढा ढीग गुडघ्याखाली आला होता. वर्षावृक्षाची बारीक पानं आधी विरघळली, आंब्याची आणि वडाची जाड पानं अजून अर्धवट आहेत. ती पुढच्या ढिगात जातील. पिंजरे लागल्यापासून आमच्या कोपऱ्यात एकदाही धूर झाला नाही. मावशी आता पोती थेट पिंजऱ्यापाशी आणून टाकतात आणि पिंजरा भरला की मलाच रागावतात, "ताई, उलटलं नाही का अजून?"

उन्हाळ्यात बाग खरी सुंदर होते, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळाला तांबूस पालवी येते, एप्रिलअखेर बहावा पिवळा होतो आणि फाटकाजवळचं ताम्हण जांभळं. ते आपलं राज्यफूल आहे, पण त्याच्याखाली बसणाऱ्या कितीतरी जणांना माहीत नसतं. ही दोन्ही इथली झाडं, त्यांना आमच्या मेचं ऊन सवयीचं आहे. हाल होतात ते हिरवळीचे. बागेचं सगळ्यात जास्त पाणी तीच पिते, आणि टँकर दोन दिवस चुकला की कडेने पिवळी पडत जाते. पाणी सांडपाणी शुद्ध करून आलेलं असतं, कधीकधी वास येतो, झाडांना मात्र चालतं. तेव्हा त्या वासाबद्दल कुणी तक्रार करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पिण्याचं पाणी हिरवळीवर ओतण्यापेक्षा ते कितीतरी बरं. हिरवळ अर्धी करून तिथे देशी झुडपं लावावीत, हे आम्ही लेखी दिलंय. उत्तर नाही.

आणि वर्षावृक्ष. बागेच्या मधोमध एक प्रचंड वर्षावृक्ष होता. मूळचा अमेरिका खंडातला, पण आमच्या भागातल्या कुठल्याही माणसापेक्षा इथला जुना. संध्याकाळी त्याची पानं मिटायची आणि सावली विरळ व्हायची, ते बघायला मी मुद्दाम थांबायचे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीची टोळी आली. रस्त्याच्या बाजूच्या तारांना लागतात म्हणून त्या बाजूच्या चार मोठ्या फांद्या बुंध्यालगत उतरवल्या. दुसरी बाजू तशीच. काका मुकादमाला सांगत होते की भार एकीकडे होतोय, तिकडच्याही थोड्या हलक्या करा. त्याच्या कागदावर रस्त्याची बाजूच लिहिलेली होती. पडलेल्या फांदीत कावळ्याचं घरटं होतं. कावळे एप्रिल-मेमध्येच घरटी करतात आणि कोकिळा त्यांच्यात अंडी घालते, हे पुण्यातल्या शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. काड्या, तारेचे तुकडे आणि तीन अंडी फुटलेली. कावळे दोन दिवस त्या जागेवर ओरडत होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वळवाचा जोरदार पाऊस झाला, वारा पश्चिमेकडून. रात्री साडेदहाला आवाज आला तो आमच्या घरात ऐकू आला. झाड जड बाजूने उभं चिरलं होतं. बागेच्या वेळा सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते आठ अशा आहेत म्हणून कुणी खाली नव्हतं. शहरात झाड तोडायला आणि छाटायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा अधिक वर्षांच्या झाडाला पुरातन वृक्ष म्हणून जास्त संरक्षण आहे. परवानगीचा कागद होता. झाडाकडे बघणारा, तोल समजणारा माणूस तिथे होता, पण त्याला विचारायची पद्धत नव्हती. माझी या बागेबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे आणि ती आमच्या एका बागेपुरती नसावी. वर्षाकाठी नवं फाटक, रंगीत दिवे, व्यायामाची यंत्रं यांना पैसे मिळतात. दोन एकरांना माळी मात्र एक आणि कंत्राटी मदतनीस दोन, त्यातला एक निम्मे दिवस दुसऱ्या बागेत.

व्यायामाच्या यंत्रांपैकी दोन कुरकुरतात, एकाचं पायडल निखळलंय, लहान मुलांना त्यापासून लांब ठेवा. स्वच्छतागृह सकाळी स्वच्छ असतं, संध्याकाळी नसतं. पिण्याच्या पाण्याचा नळ चालू. दिवे पुरेसे आहेत, उलट मागच्या बाजूचे दोन प्रखर दिवे काढले तर पाखरांना बरं. ज्येष्ठांसाठी पाठ टेकायची बाकं हवीत, सिमेंटच्या बाकांवर दहा मिनिटांपलीकडे बसवत नाही.

नीट राखलेली बाग कशी असते ते बघायचं तर सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जरूर बघा. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं, दहा एकरांचं. आणि जुनी झाडं मोठी होऊ दिली की काय होतं ते बघायला एम्प्रेस गार्डन. जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाला सगळं पुणं तिथे जातं, पण गर्दी ओसरल्यावर नुसती झाडं बघायला जावं.

आमच्या बागेत आता मधोमध ऊन पडतं. पहिले काही दिवस मी त्या बाजूने चालतच नव्हते. खोडाचे मोठे तुकडे गाडीवर गेले, बारीक फांद्या आणि पाला काकांनी हट्टाने ठेवून घेतला, तो पिंजऱ्यांत आहे. बुंध्याच्या जागी खड्डा करून त्यात आमचं मेचं काळं खत घातलंय. बहाव्याचं कमरेएवढं रोप काकांनी दोन वर्षं पिशवीत वाढवलेलं आहे, ते तिथे लागणार आहे. मी गेल्या सोमवारी विचारलं, आज लावायचं का? त्यांनी मूठभर माती दाबून बघितली, बोटांना चिकटली. म्हणाले, "थांबा ताई. दोन दिवस उघडू द्या."