रायझन ५ ७६०० वर टॉवर कूलर: उन्हाळा, पावसाळा आणि ती तारेची क्लिप

ऑक्टोबरच्या उकाड्यात माझ्या पीसीच्या प्रोसेसरवरच्या कूलरचा पंखा घरघरायला लागला आणि वॉरंटीवरून सर्व्हिस सेंटरवाल्यांशी माझं चांगलंच वाजलं. म्हणून हे लिहायला बसलोय.

मशीन असं: एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, पुढून जाळी असलेला कॅबिनेट. स्वतः जोडलेला पहिलाच पीसी. काम व्हिडिओ एडिटिंगचं, त्यामुळे एक्सपोर्टला लावला की बराच वेळ सगळे सहा कोअर जुंपलेले. घर ठाण्यात घोडबंदर रोडला. पीसी हॉलमध्ये, एसी फक्त बेडरूममध्ये.

डिसेंबरात जोडला तेव्हा प्रोसेसरच्या खोक्यात येणारा रेथ स्टेल्थ कूलरच लावला होता. कागदावर ६५ वॉटचा हा प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वॉटपर्यंत खेचतो, पण थंडीत त्या बुटक्या कूलरने सगळं निभावलं. याला वेगळा कूलर घेणं म्हणजे पैसे उधळणं, असं तेव्हा माझं ठाम मत होतं. एप्रिलमध्ये ते बदललं. कूलर हवेचा असो की पाण्याचा, खोलीत जेवढं तापमान आहे त्याच्या खाली तो प्रोसेसरला नेऊ शकत नाही. परदेशी चाचण्या बऱ्याचदा २१ ते २५ अंशांच्या खोलीत केलेल्या असतात. आमच्या हॉलमध्ये उन्हाळ्यात रात्री नऊलाही ३३ असतं. म्हणजे त्यांच्या आकड्यांत सरळ आठ ते बारा अंश मिळवायचे आणि मगच कूलर निवडायचा. एक्सपोर्टला प्रोसेसर ९५ अंशांना टेकू लागला. ९५ ही एएमडीनेच ठरवलेली मर्यादा आहे, तिथे काही जळत नाही, प्रोसेसर आपला वेग थोडा उतरवतो. प्रश्न आवाजाचा होता. लहान पंख्याने तेवढी उष्णता काढायची तर त्याला जोरात फिरावंच लागतं, आणि आमचे बाबा हॉलमध्येच झोपतात.

आधी फुकटातला उपाय केला. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पीबीओ या विभागात पीपीटी, म्हणजे प्रोसेसरने किती वीज खेचायची याची मर्यादा, ८८ वरून ६५ वॉटवर आणली. तापमान ८५ च्या आसपास आलं, एक्सपोर्टला थोडाच जास्त वेळ लागू लागला. ज्यांचं काम गेम, ऑफिस आणि ब्राउझरपुरतं आहे त्यांनी इथेच थांबावं, एक रुपयाही खर्च करू नये. मला रोज एक्सपोर्ट करायचे असतात, म्हणून पुढे गेलो.

२४० मिलिमीटर रेडिएटरचं लिक्विड (पाण्याचा कूलर) घ्यायचं की एका पंख्याचा टॉवर (धातूच्या पत्र्यांचा उभा, हवेचा कूलर), यावर मी फार वेळ घालवला नाही. लिक्विड तिप्पट महाग, वर त्यात पंप असतो. पंप गेला की अख्खी वस्तू बाद. ८८ वॉटसाठी ते नको. चार हीटपाइपचा (उष्णता पत्र्यांपर्यंत नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या), १२० मिलिमीटरच्या एका पंख्याचा टॉवर घेतला, २,४०० रुपयांना. उंची १५५ मिलिमीटर, कॅबिनेटमध्ये १६० ची जागा. एक सांगतो: रॅमवर उंच पत्रे असतील तर पंखा वर सरकवावा लागतो, आणि मग हेच १५५ वाढून झाकण लागत नाही. आधी मोजा.

थंड करायच्या कामात कूलर उत्तम निघाला. पीपीटी पुन्हा ८८ वर नेली तरी मे महिन्यात एक्सपोर्टला ७६-७८. सुरुवातीला ब्राउझर उघडला तरी पंखा वर-खाली व्हायचा, कारण रायझनचं तापमान क्षणात उसळतं. फॅन कर्व्ह (कुठल्या तापमानाला पंखा किती जोरात फिरेल ते ठरवणारी रेषा) ६५ अंशांपर्यंत सपाट ठेवली आणि स्टेप-अपचा, म्हणजे पंख्याने वेग वाढवायला घ्यायचा, वेळ वाढवला, ते थांबलं.

आता क्लिप. पंखा टॉवरला तारेच्या दोन क्लिपांनी अडकवलेला असतो. मेट्रो ४ च्या कामाने आमच्याकडे धूळ किती, हे घोडबंदरवाल्यांना सांगायला नको. पावसाळ्यातल्या दमट हवेत ती पात्यांच्या कडांना आणि धातूच्या पत्र्यांना चिकटून बसते. सगळ्यात जाड थर पंखा आणि पत्रे यांच्या मधे धरतो, जिथे बाहेरून काहीच दिसत नाही. जुलैत तापमान चार-पाच अंशांनी चढलं ते यामुळेच. साफ करायचं तर पंखा काढावाच लागतो. माझ्या बोर्डवर खालची क्लिप ग्राफिक्स कार्डाच्या पाठीला लागून येते, बोट जात नाही. कार्ड काढावं म्हटलं तर त्याच्या स्लॉटचा खटका कूलरच्या पोटाखाली. तारेने बोटं सोलून निघतात. या क्लिपा ज्याने डिझाइन केल्या त्याने कॅबिनेटच्या आत हात घालून त्या एकदा तरी लावून बघायला हव्या होत्या, असं मला मनापासून वाटतं. शेवटी खालच्या क्लिपला जाड दोऱ्याची गाठ मारून ठेवली. दोरा ओढला की क्लिप सुटते. (ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा, हवेने गरगर फिरली की बेअरिंगची वाट लागते.)

मग ऑक्टोबर. कमी वेगावर पंखा घरघरू लागला. 'अरे, हे काय वाजतंय?' असं आधी बाबांनीच विचारलं. वॉरंटी शिल्लक होती, म्हणून नवी मुंबईतल्या सर्व्हिस सेंटरला गेलो. "सर, पूर्ण युनिट जमा करावं लागेल, बॉक्ससकट. दोन-तीन आठवडे लागतील." मी म्हटलं, तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमचे पत्रे कुठे बिघडलेत? पंखा बिघडलाय, चार पिनचा, तेवढा बदलून द्या. "तशी पॉलिसी नाही." एका पंख्यासाठी चांगला बसलेला टॉवर उपटायचा, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट पुसायची, पुन्हा लावायची, आणि तोवर माझं काम खोळंबून ठेवायचं. संताप आला. वॉरंटीचे पैसे मी किमतीत भरलेले आहेत.

आणि इथे क्लिपबद्दलचं मत फिरलं. या क्लिपा १२० मिलिमीटर लांबी-रुंदीच्या आणि २५ मिलिमीटर जाडीच्या जवळपास कुठल्याही पंख्याच्या भोकांत बसतात. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर ६५० रुपयांचा चार पिनचा पीडब्ल्यूएम (बोर्डाकडून वेग कमी-जास्त करता येणारा) पंखा घेतला, टॉवर न हलवता लावला. एक्सपोर्टला ७५, घरघर गेली. ज्या टॉवरचा पंखा खास आकाराच्या प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवलेला असतो, तिथे हे जमेलच असं नाही. म्हणून आता कुणी विचारलं तर मी क्लिपवालाच घ्या म्हणतो, बोटं सोलली तरी. सोबत क्लिपांची जास्तीची जोडी आली असेल तर ती जपून ठेवा, सुटी शोधत फिरावं लागेल.

सर्व्हिस सेंटरला ईमेलवर फक्त पंखाच मागितलाय, बिलासकट. उत्तर आलं की इथेच लिहीन. कुणाकडे स्क्रूने पंखा बसवलेला टॉवर असेल तर एवढं सांगा: ग्राफिक्स कार्ड न काढता पंखा निघतो का?