जुना हायब्रिड ॲम्प दुरुस्त करावा का? आधी ट्यूब पुढे आहे की मागे ते बघा

बंद पडलेला जुना हायब्रिड (ट्यूब आणि ट्रान्झिस्टर दोन्ही असलेला) गिटार ॲम्प समोर आला की बहुतेक जण आधी नवी ट्यूब शोधायला लागतात. त्याआधी एक गोष्ट बघा: ट्यूब पुढे, गिटारचा सिग्नल आधी वाढवणाऱ्या प्रीॲम्पमध्ये आहे, की मागे, स्पीकर चालवणाऱ्या पॉवर विभागात? दुरुस्तीचा खर्च, धोका आणि भवितव्य तिथेच ठरतं.

गिटार-ॲम्प बनवणारे लिओ फेंडर यांच्याशी जोडलेल्या म्युझिक मॅन कंपनीचे १९७०च्या दशकातले ॲम्प दुसऱ्या जातीचे. पुढे ऑप-ॲम्प (सिग्नल वाढवणारी चिप), मागे पॉवर ट्यूब. एचडी-१३० मॉडेलमध्ये चार ६सीए७ पॉवर ट्यूब आणि त्यांच्या प्लेटवर (इलेक्ट्रॉन झेलणाऱ्या पत्र्यावर) सुमारे ७०० व्होल्ट! नंतरच्या मॉडेलांत ट्यूबच्या कॅथोडखाली (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाखाली) तिला चालवणारे ड्रायव्हर ट्रान्झिस्टर असतात आणि खरी गोम तिथे आहे. तो ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की ट्यूबमधून बेलगाम करंट वाहतो, प्लेट लालबुंद होते. अशा ॲम्पमध्ये नुसती ट्यूबची नवी जोडी बसवली, तर तीही जाते. म्हणून आधी ट्रान्झिस्टर आणि त्यांच्या भोवतीचे छोटे रेझिस्टर तपासायचे, मग बायस (सिग्नल नसताना ट्यूबमधून किती करंट वाहावा याची जुळणी), आणि ट्यूब सगळ्यात शेवटी. ट्यूब घेतानाही एवढं व्होल्टेज झेलणारीच घ्यायची.

मार्शल कंपनीचे १९९०च्या दशकातले बहुतेक व्हॅल्व्हस्टेट ॲम्प याच्या उलट. पुढे एक ईसीसी८३ ही छोटी प्रीॲम्प ट्यूब, मागे ट्रान्झिस्टरचा पॉवर ॲम्प. ती छोटी ट्यूब स्वस्त आणि सहज मिळणारी, बदलायला दोन मिनिटं. पण ॲम्प मुका होण्याचं कारण ती क्वचितच असते. स्पीकर जोडण्याआधी आउटपुटवर डीसी किती येतं ते मोजा. काही व्होल्ट दिसले तर पॉवर विभाग गेलाय, आणि तो स्पीकरची कॉइलही जाळेल. शिवाय नॉब थेट बोर्डावर डाख दिलेले असतात. एक तडकलेला सांधा गाठायला सगळा बोर्ड बाहेर काढावा लागतो.

माझा कौल म्युझिक मॅनच्या बाजूने. काम जास्त, पैसेही जास्त, पण त्यातला जवळपास प्रत्येक भाग सुटा बदलता येतो.

दोन्हींत जुने इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर हे समान दुखणं. सतत घुमणारा हम बहुधा त्यांचाच. खरखर आणि मध्येच गायब होणारा आवाज मात्र अनेकदा जॅकच्या गंजलेल्या पात्यांमुळे येतो. तिथे कॉन्टॅक्ट क्लीनर पुरतो.

सुरक्षिततेत मोठा फरक आहे. म्युझिक मॅनमधले ७०० व्होल्टचे कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेले राहू शकतात. योग्य वॅटच्या रेझिस्टरमधून ते रिकामे करा आणि मीटरने खात्री करा. हे हाताला सवयीचं नसेल, तर पेटी उघडू नका, जाणकाराकडे द्या. पहिल्यांदा चालू करताना ॲम्पच्या वीजपुरवठ्यात फिलामेंटचा बल्ब एकसर जोडा: तो भगभगीत पेटलेलाच राहिला तर शॉर्ट अजून आत आहे. पॉवर ट्यूबवाला ॲम्प स्पीकर न लावता कधीही वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. ट्रान्झिस्टरवाल्याला रिकामं आउटपुट सहसा चालतं, ठरलेल्यापेक्षा कमी ओहमचा स्पीकर नाही.

घेण्याआधी म्युझिक मॅनच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा प्रायमरी (ट्यूबकडचं वेटोळं) मोजून घ्या, अर्थात प्लग काढून, कॅपॅसिटर रिकामे करून. मधल्या टॅपपासून (वेटोळ्याच्या मधून काढलेल्या तारेपासून) दोन्ही टोकांचा रोध साधारण सारखा यायला हवा. एक बाजू तुटलेली दाखवत असेल, तर त्या ॲम्पला जुळणारा ट्रान्सफॉर्मर आधी हाती लागेपर्यंत पैसे देऊ नका.