मोटारसायकलच्या चार्जिंगची तपासणी आणि डीटी-८३०डी मल्टिमीटर

सेल्फ दाबल्यावर नुसता ‘टक’ असा आवाज आला की बहुतेक ठिकाणी गाडीमालकाच्या गळ्यात थेट नवी बॅटरी मारली जाते. दोष मात्र पुष्कळदा चार्जिंगमध्ये असतो आणि मग नवी बॅटरीही लवकरच बसते. हा फरक घरच्या घरी ओळखण्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा डीटी-८३०डी हा स्वस्त मल्टिमीटर कितपत पुरतो, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

डीसी व्होल्टेज मोजण्याबाबत माझी काही तक्रार नाही. मीटरची चकती डीसी २० व्होल्टवर ठेवावी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसायला हवेत. १२ च्या खाली गेलेली बॅटरी जवळजवळ रिकामी समजावी. पूर्ण चार्ज करूनही सेल्फ दाबताच आकडा १० च्या बराच खाली कोसळत असेल, तर दोष बॅटरीचाच. हा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे क्षणभराची घसरण त्याच्या नजरेतून सुटते. सेल्फ दोन सेकंद तरी दाबून ठेवावा लागतो.

इंजिन मिनिटाला सुमारे ५,००० फेऱ्यांवर असताना बॅटरीच्या टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळावेत. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट सतत चालू राहत असल्यामुळे, केवळ आयडलिंगला कमी आकडा दिसला म्हणून निष्कर्ष काढू नये. १५ च्या वर आकडा गेला तर आरआर युनिट (कॉइलकडून येणारा एसी करंट डीसी करून व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) गेले असे मानण्यास हरकत नाही. आकडा वाढतच नसेल, तर तो दोष आरआर युनिटचा, इंजिनमधील वीज तयार करणाऱ्या कॉइलचा की त्या दोहोंच्या तारा जोडणाऱ्या कपलरचा, हे शोधणे हा खरा किचकट भाग आहे आणि मीटरची परीक्षाही तिथेच होते.

कॉइलकडून येणाऱ्या तीन पिवळ्या तारा असलेल्या गाडीत कपलर सोडवून, इंजिन चालू करून आणि चकती एसी २०० वर ठेवून दोन-दोन तारांमधील व्होल्टेज पाहावे. तिन्ही जोड्यांचे आकडे जवळपास सारखे हवेत. एखादी जोडी मागे पडली तर कॉइल संशयास्पद ठरते. इंजिन बंद असताना पिवळी तार आणि इंजिनचा धातू यांच्यामध्ये बझर वाजला, तर कॉइल अर्थ झालेली आहे, म्हणजे तिची तार इंजिनच्या धातूला टेकली आहे. (दुकानदार पुष्कळदा तसाच दिसणारा ८३०बी हातात ठेवतात, त्यात बझर नसतो.) कॉइलचा रोध मात्र या मीटरने मोजण्याच्या फंदात पडू नये, कारण तो बहुधा एका ओहमहूनही कमी असतो आणि मीटरच्या स्वतःच्या तारांचाच रोध त्यात मिसळतो.

सर्वांत मोठी उणीव १० अॅम्पियरच्या सॉकेटची आहे, कारण त्याला फ्यूज नाही. बंद गाडीत करंट कुठे गळतो हे पाहण्यासाठी मीटर निगेटिव्ह तारेत जोडलेला असताना सेल्फला हात लावू नये, आणि काम होताच लाल पिन पुन्हा व्होल्टच्या सॉकेटमध्ये घालावी. तशीच राहिलेली पिन बॅटरीला लावली तर सरळ शॉर्ट होतो. मीटरमधील ९ व्होल्टचा सेल उतरला की सगळे आकडे फुगतात आणि मरू घातलेली बॅटरीही ठणठणीत दिसू लागते, म्हणून पडद्यावर बॅटरीचे चिन्ह दिसताच सेल बदलून मगच पुढचे मोजमाप घ्यावे.