वरचा राउटर, खालचा प्रिंटर आणि सिल्व्हर मॉलवाला भिया

इंदुरात ज्यांच्या घरी दोन मजले आणि दोन राउटर आहेत त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. घरी येऊन नेटवर्क लावून देणारी सर्व्हिस घेतली, दुकान आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये, जेमतेम काउंटरएवढं. नाव इथे टाकत नाही कारण पुढे कुरकुर पण केलीय, कोणाला हवं असेल तर मेसेज करा.

आमचं घर लोकमान्य नगरला. खाली सासू-सासरे आणि ह्यांचं टॅक्स रिटर्नचं ऑफिस, वर आम्ही. फायबरचा डबा खाली, त्याचं वायफाय स्लॅब चढून वर येईपर्यंत दमतं, म्हणून नेट जोडायला आलेल्या माणसाने तेव्हाच वर दुसरा राउटर लावून दिला होता. नेट छान चालायचं, मीटिंग म्हणा यूट्यूब म्हणा, काही तक्रार नाही, पण प्रिंटर खाली आणि वरून प्रिंट द्यायला गेलं की फोनला प्रिंटरच सापडायचा नाही. मग पीडीएफ आबांच्या व्हॉट्सॲपवर आणि जिन्यातून हाक, "आबा, तेवढी पानं काढता का, दोन्ही बाजूंनी हं". आबा एका बाजूनेच काढणार. खालच्यांचं उलटं दुखणं, ऑफिसच्या पीसीवरून वरच्या डेस्कटॉपमधली क्लायंटची फाइल काही केल्या उघडेना, शेवटी पेनड्राइव्ह घेऊन वर-खाली.

आधी ज्याला विचारलं त्याने सरळ सांगितलं, दोन्ही राउटर काढा आणि मेशचा सेट (घरभर एकच वायफाय पसरवणारे जोडीचे डबे) घ्या. हा भिया म्हणाला, "मैडम, पहले देख तो लें लगा क्या रखा है." इथेच मला तो पटला.

अकरा म्हणाला आणि आला जेवणानंतर, ते सोडून देऊ. वरच्या पीसीवर ब्लॅक स्क्रीन उघडून आयपीकॉन्फिग (पीसीचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी, दाखवणारी कमांड) मारलं, पत्ता 192.168.0 ने सुरू. खाली तेच केलं तर 192.168.1. म्हणजे खालून आलेली केबल वरच्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून येणारं नेट जोडायची जागा) खुपसलेली, त्यामुळे वरच्याने आपलं वेगळं नेटवर्क थाटलेलं, एकाच वाड्यात मध्ये भिंत घालून दोन बिऱ्हाडं असतात तसं. फोन प्रिंटर शोधायला जी हाक मारतो ती त्या भिंतीपलीकडे जातच नाही. गंमत म्हणजे वरून प्रिंटरचा आयपी हाताने टाकला तर प्रिंट निघते, त्याने तसं करून दाखवलं आणि खाली खरंच प्रिंटर खरखरायला लागला, आबा दचकले. कारण वरून बाहेर जायला आडकाठी नाही, पण बाहेरून स्वतःहून आलेल्याला वरचा राउटर आत घेत नाही, म्हणून खालून वरची फाइल उघडत नव्हती.

इलाज काय, तर वरच्या राउटरचं डीएचसीपी (फोन-पीसींना पत्ते वाटायचं काम) बंद, त्याला 192.168.1.2 असा पत्ता (खालचा डबा हा पत्ता दुसऱ्या कोणाला देणार नाही हे बघून) आणि मग केबल वॅनमधून काढून लॅनच्या, म्हणजे घरातले पीसी जोडायच्या, पोर्टात. वॅन रिकामं. बऱ्याच नव्या राउटरमध्ये यासाठी ॲक्सेस पॉइंट मोड असं सेटिंगच असतं, आमच्या जुन्यात नाही. क्रम मात्र हाच, आधी सेटिंग आणि मग केबल, नाहीतर दोघेही पत्ते वाटत बसतात आणि सगळं घर बोंबलतं. नवीन डबा एकही विकला नाही! प्रिंटरचा पत्ता त्याने खालच्या डब्यात मॅक ॲड्रेस (प्रिंटरचा स्वतःचा कायमचा नंबर) टाकून पक्का केला, नाहीतर लाइट जाऊन आली की प्रिंटरला दुसरा पत्ता मिळू शकतो आणि विंडोज म्हणतं ऑफलाइन. गेस्ट वायफायवरून प्रिंट निघणार नाही, ते मुद्दाम तसंच ठेवलंय.

केबलचं काम तर बघण्यासारखं. दोन्ही राउटर गिगाबिटचे (1000 एमबीपीएस) तरी लिंक 100 वरच, कारण केबलच्या टोकाच्या जुन्या क्लिपमध्ये आठातल्या चारच तारा नीट बसलेल्या. त्याने जिन्याच्या पायरीवर बसून टोक कापलं, तारा अंगठ्याने सरळ करून रांगेत लावल्या, पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी असं पुटपुटत, आणि एका दाबात क्रिम्प. स्कॅनचा फोल्डर आधी सेकंदाला 11 एमबीने सरकायचा, आता 100 च्या वर.

आता कुरकुर. केबल जिन्यालगत लोंबतेय, खिळे वाकडे, कचरा मी झाडला. ते एक वेळ चालेल, पण फाइल शेअरिंग? विंडोजमध्ये नेटवर्क पब्लिकचं प्रायव्हेट केलं हे बरोबर, पण पुढे फोल्डर सरळ एव्हरीवनला फुल कंट्रोल (कोणीही वाचा, बदला, पुसा) देऊन मोकळा झाला, वर पासवर्डवालं शेअरिंगच बंद! त्या फोल्डरात लोकांचे पॅन आणि फॉर्म 16 आहेत हो. शिवाय टीव्हीच्या जुन्या डब्यासाठी एसएमबी 1 (फाइल शेअरिंगची जुनी, असुरक्षित पद्धत) चालू करतो म्हणाला, तो मी हाणून पाडला. 2017 च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने त्याचाच तर फायदा घेतला होता. नंतर ह्यांनी वेगळा युजर बनवून खालच्यांना फक्त वाचायची परवानगी ठेवली. राउटरचा ॲडमिन पासवर्ड पण कंपनीचा होता तोच ठेवून गेला, तो आम्हीच बदलला.

व्हिजिटचे 600, क्लिपांचे वेगळे, बिल मागितलं तर देतो. शनिवारी दुपारी बोलवू नका, दुकानात गर्दी असली की फोन उचलत नाही. आणि फोल्डर शेअर करायची वेळ आली की त्याला चहा द्या आणि माउस आपल्या हातात घ्या.